लाल ठिपका

मिस्सा संपली की मी मोजतो:
चार माइक, मिक्सर, प्रोजेक्टर,
अकरा वायरी, कोपराला वेढे घालून गुंडाळलेल्या.
सगळ्यांवर रुझायच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका.
कपाटाची किल्ली गळ्यात, क्रुसाशेजारी.

गेल्या पावसाळ्यात चारांचे तीन झाले होते.
फादर म्हणाले, इनास, कुलूप बदल.
कुलूप बदललं,
झोप गेली ती गेलीच.

मग हलशीच्या जत्रेत ठिपका दिसला,
मंडपवाल्याच्या मुठीत.
तो आधी कन्नडात, मग मराठीत ओरडत होता:
पिवळ्या झग्यातली पोरगी, नाव यल्लव्वा,
आईनं स्टेजपाशी यावं.

पुढं झालो. थांबलो.
आई धापा टाकत येईपर्यंत
आमच्याच माइकसमोर
गप उभा.

मग म्हटलं, आता दे.
त्यानं पहिल्यांदा बटन बंद केलं.