कपाटाची किल्ली

कुओपिओच्या उत्तरेला, गोठलेल्या तळ्याकाठी
आमचा वॉर्ड. मी तिथे फरशी पुसतो.
फरशी पुसणाऱ्याला सगळं खालून दिसतं:
भिंतीला पाठ लावलेल्या एकवीस खुर्च्या,
एकवीस जोड सपाता,
साऱ्यांची टोकं काचेच्या खोलीकडे.

काचेच्या आत नर्सेस आणि चिनी मातीचे कप.
बाहेर प्लास्टिकचे, त्यात कोमट कॉफी,
कारण एकोणीसशे एकाहत्तरात कुणीतरी
गरम कॉफी कुणाच्यातरी अंगावर फेकली होती म्हणे.
फेकणारा कधीच मेला. नियम जगला.

वेइयो येरझाऱ्या घालायचा.
जाताना बत्तीस पावलं, येताना तेहतीस.
हे एक पाऊल कुठून यायचं, मी विचारलं नाही.
फायलीत होतं: आक्रमक. बोलत नाही. काचेवर थापा मारतो.
थाप पडल्याशिवाय आतलं कुणी
मान वर करत नसे, हे फायलीत नव्हतं.

मग सिर्का आली, मोठी नर्स, गुडघ्यांनी अधू.
भाषण नाही, काही नाही. एका मंगळवारी
तिनं खुर्च्या ओढून टेबलांभोवती लावल्या.
संध्याकाळी त्या पुन्हा भिंतीला.
बुधवारी तेच.
गुरुवारी निम्म्याच परतल्या.

आणि कपाटाची किल्ली तिनं वेइयोला दिली.
"दोन वाजता. सत्तावीस कप, सगळ्यांना सारखे."

पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातून एक फुटला.
वॉर्डचा दगड झाला. सगळ्या माना काचेकडे,
पेन उचललं जातंय का बघायला.
सिर्का लंगडत सुपली घेऊन आली.
वेइयोनं ती तिच्या हातून घेतली, तुकडे भरले,
आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलला:
"सव्वीस."

चमत्कार वगैरे नाही.
लेम्पी तरीही गोळ्या जिभेखाली लपवायची,
रात्री रडणारे रात्री रडायचे.
पण त्या हिवाळ्यात भांडणं झाली,
कुणी कुणाच्या शेजारी बसायचं यावरून.
आधी होत नसत.
आधी शेजारच नव्हता.

यंदा दोन वॉर्डांचा एक केला.
सिर्का निवृत्त. खुर्च्या स्क्रूनं जमिनीला पक्क्या.
कॉफी यंत्रातून येते, कोमट.
कपाट मात्र कुणी हलवलं नाही, रिकामं आहे.

रोज दोनला वेइयो त्याच्यासमोर उभा राहतो,
उजवा हात खिशात.
नव्या फायलीत नोंद: विनाकारण उभा राहतो.

त्याच्या पायांभोवतीची फरशी
मी सगळ्यात शेवटी पुसतो.