शून्य बाइट

कुटबणच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्यामागं,
सोसायटीच्या ऑफिसात एकच कॉम्प्युटर.
त्यात माझे दोन प्रोग्राम:
एक काट्यावरचं वजन वाचतो,
दुसरा पावती छापतो.

आधी ते बोलायचे राउटरमार्गे,
म्हणजे शेजारच्या खोलीतल्या माणसाला
मडगावच्या पोस्टातून पत्र टाकावं, तसं.
खाऱ्या हवेनं राउटर गंजला,
मशीनला स्वतःचाच पत्ता आठवेना;
बांगड्याच्या टोपल्या उन्हात,
आणि एकाच टेबलावरचे हे दोघे मुके.

म्हणून गेल्या हंगामात मी लोकल सॉकेट घातलं.
डिस्कवर एक नाव, बस.
आकार शून्य बाइट.
चाळीस किलो आत जातं, चाळीस किलो बाहेर येतं,
मधे वाससुद्धा राहत नाही.
वायर नाही, रस्ता नाही,
कुणी यावं, कुणी नाही, ते परवानगीत लिहिलेलं.

काल रात्री वीज गेली.
पहाटे साडेचारला फोन: पावती येत नाही.
स्कूटर काढून आलो. पडद्यावर एकच ओळ,
पत्ता आधीच वापरात आहे.
कोण वापरतंय? कुणीच नाही.
ऐकणारा दिव्यांबरोबरच गेला होता,
नाव तेवढं मागं राहिलेलं,
आणि नवा त्या नावापाशी येऊन थबकलेला.

काट्याशेजारी कायतानचं स्टूल.
बावीस वर्षं तो तिथून आकडे ओरडायचा.
मासेमारी बंद असताना, जुलैत, वारला.
खिळ्याला अजून त्याची टोपी.
त्याच्या जागी आलेली फिलू
दोन महिने उभ्यानंच वजन घेते.

जुनी फाइल पुसणं म्हणजे एक ओळ.
पण त्याआधी एकदा हाक मारून बघायची असते,
खरंच कुणी नाही ना.
मी मारली.
तिकडून नकार आला.
मग पुसली.

प्रिंटर खरखरला.
"कितें जालें?" फिलूनं विचारलं.
सांगायला लागलो, अर्ध्यात सोडून दिलं.

टोपली काट्यावर.
इसवण, अकरा किलो सातशे.
तिनं ओरडून सांगितलं, गरज नसताना;
आकडा पडद्यावर आलाच होता.
मग पाय दुखले म्हणून की कसं,
पायानंच स्टूल जवळ ओढलं
आणि कडेला टेकली.
टोपी तिथंच.