दोनशे ग्रॅम

काट्याला खोड आहे.
झोळी रिकामी असली तरी
सुई दोनशे ग्रॅमवर जाऊन बसते,
मग मी मनातल्या मनात वजा करते.
कधीपासून, ते आठवत नाही.

चैती लोंबते आढ्याखाली
पाय पोटाशी घेऊन, डोळे घट्ट मिटून,
कुणी विहिरीत सोडत असल्यासारखी.
नऊ किलो सहाशे.
म्हणजे नऊ चारशे.
वय तीन वर्षं, वर एक महिना.
दंडाची पट्टी पिवळ्यावर थांबली,
लाल दोन रेघा अलीकडे.

तिची आई, भागी, दाराशी उभी.
परवाच कोळशाच्या भट्टीवरून परतलेली,
नखांच्या मुळाशी अजून काळं.
"नीट खाती का गं?"
"खाती की. दिलं का खाती."
पुढे मी काही विचारत नाही.
दिवाळीच्या आधीच उचल घेतलेली,
ती कुठे गेली, वाडीला ठाऊक आहे.

मोबाईल फक्त आकडा मागतो.
पर्यवेक्षिका बाई म्हणाल्या होत्या,
जरा वर धरा, वाडी फार लाल दिसते.

काल लाडूच्या पाकिटांची जुनी पावती शोधताना
पत्र्याच्या पेटीत वही सापडली,
कडा वाळवीनं कुरतडलेल्या,
अक्षर माझंच, गोल गोल,
नव्या नोकरीचं.
भागी बाळू हिलम. तीन वर्षं.
नऊ किलो चारशे.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.
मधे बावीस वर्षं गेली.
पानशेतपर्यंत डांबरी रस्ता झाला,
वाडीवर खांब आले, खांबांवर कधीमधी वीज,
रात्री डोंगरामागे पुण्याचा उजेड
पूर्वीपेक्षा कितीतरी वर चढतो.

एकच गोष्ट उमगत नाही.
काट्याची खोड तेव्हाही होती का?
असली आणि मला कळली नसली
तर भागी भरली होती नऊ दोनशे,
आणि लेक आईच्या दोनशे ग्रॅम पुढे आहे.
नसली, तर जिथल्या तिथे.
सांगणार कोण?
तेव्हाची मदतनीस गंगूबाई वारली,
आणि काट्याला विचारून उपयोग नाही.

झोळीतून उतरवली तशी चैतीनं मूठ उघडली.
चार चिंचोके, घामानं चकचकीत.
"हे पण मोजलं?"
"मोजलं."

नऊ चारशे लिहिलं.
चिंचोके वजा केले नाहीत.