परतीचा फॉर्म

मकरपुरा जीआयडीसी, शेड नंबर एकशे बारा.
दर सोमवारी बाळं परत येतात.
खोक्यात घालून कुणी आणत नाही,
स्कूटरवर दोघांच्या मध्ये, दुपट्यात,
आणि काउंटरवर ठेवताना
हात आपसूक मानेखाली जातो.
मान तर स्टीलची आहे.

माझं काम सोपं.
वजन करायचं, तीन किलो दोनशे.
पापण्या तपासायच्या, दुधाची टाकी धुवायची,
फॉर्म भरून घ्यायचा.
रकाना सहा : परत करण्याचं कारण.

एकानं लिहिलं, झोप.
एवढंच.
पलकबेननं लिहिलं, सराव झाला, आता खरं.
आठ महिन्यांनी लीलो चेवड्याचा पुडा घेऊन आली,
पोट काउंटरला टेकत होतं.
तिची जाऊ त्याच आठवड्यात
तिसऱ्यांदा मुदत वाढवून गेली.
'हे मोठं होत नाही ना, तेच बरं.'

दांडियाबाजारच्या फणसेकाकूंनी
नातू भाड्यानं घेतला.
बारसं केलं, घुगऱ्या वाटल्या,
नाव ठेवलं यशोधन.
टोरांटोहून मुलानं व्हिडिओवर पाहिलं आणि हसला,
'झालं ना आई तुझं? आता आम्हाला नको विचारूस.'
दुसऱ्या दिवशी काकू रिक्षानं आल्या.
रकाना सहा कोरा.
'काय लिहू गं? याची काही चूक नाही.'
टोपडं तेवढं काढून घेतलं,
घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

रडणं चाळीस सेकंद.
उचललं नाही तरी थांबतं, आपलं आपण.
वरच्या मजल्यावर ठरलंय तसं,
त्यापुढे गिऱ्हाईक चिडतं म्हणे.

मी तीन महिने रडत होते,
आई सांगते, रोज दिवेलागणीपासून नऊपर्यंत.
बाबा मला खांद्यावर टाकून
सुरसागरला फेऱ्या मारायचे.
आणि एकदा,
हे आई आवाज उतरवून सांगते,
एकदा त्यांच्या मनात आलं होतं
की पाणी किती जवळ आहे.
मग घरी आणलं मला.
दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरसागर.

सुजय म्हणतो, एखादं आणू या ना घरी,
स्टाफला निम्म्या भाड्यात मिळतं,
महिनाभर बघू, जमतंय का.
काळ्या घोड्याच्या पुलावर होतो आम्ही, मे महिना,
खाली विश्वामित्रीच्या गाळात
एक मगर मातीच्या ढिगावर हनुवटी टेकून पडलेली.
कठड्यावरून पोरं खडे मारत होती.
ती हलेना.
मी सुजयला म्हटलं, बघू.
पस्तिसावं लागलंय मला,
'बघू' हा शब्द आता पूर्वीएवढा लांब पुरत नाही.

काल सत्तेचाळीस नंबरचं आलं.
आणणारी दोघं थकलेली, डोळे खोल गेलेले,
बोलली नाहीत फार.
रकाना सहामध्ये : मुदत संपली. तक्रार नाही.
ती गेल्यावर ते रडायला लागलं.
चाळीस झाले, साठ झाले,
दोनशे झाले.
टायमर जळला होता, तारीख पाहिली तर
घरी नेल्याच्या दुसऱ्याच दिवशी.
अठ्ठावीस दिवस.
एक फोन नाही सर्व्हिसला.

मी त्याला घेऊन शेडबाहेर आले.
वॉचमन सोळंकी म्हणाला, 'बॅटरी काढी नाख ने, बेन.'
काढते, म्हटलं.
स्विच पाठीवर असतो, दोन बोटांचं काम.
हात तिथंच होता माझा,
थोपटत होता.
मी लोडिंगच्या ट्रकपर्यंत गेले,
परत आले,
पुन्हा ट्रकपर्यंत.