तुटक रेघ

नकाशावर अखंड रेघ म्हणजे वाट.
तुटक रेघ म्हणजे वाट आहे, पण जाणाऱ्याने आपलं आपण बघावं.
आणि लाल वर्तुळातलं एक अक्षर, मुगाच्या दाण्याएवढं:
इथे जीव जातो.

मुरोझोनो हिसाए, वय चौसष्ट.
कारासु-ओनेचा हा तुकडा एकोणतीस वर्षं तिच्याकडे.
दर सप्टेंबरात ती चढते,
मागे मी, तिची मोजफीत आणि भाताचे गोळे घेऊन.
निवाऱ्यापासून खिंडीपर्यंत एक तास चाळीस.
गेल्या वर्षी होता दीड.
छापखान्यातून फोन येतो: डोंगर वाढला की काय?
"गुडघे," ती म्हणते. "पण चाळीसच छापा.
नकाशा घेणाऱ्यांनाही गुडघे असतात."

साखळीच्या कड्यावर ती फारशी रेंगाळत नाही.
तिथे लोखंड आहे, भीती आहे,
हातपाय तीन जागी घट्ट असल्याशिवाय
माणूस चौथा हलवत नाही.
तिथलं लाल वर्तुळ तिच्याही आधीचं.

ती थांबते पुढे, साखळी संपल्यावर,
जिथे वाट खाटेएवढी रुंद होते,
जमिनीलगत सरपटणारे पाइन, वारा अडलेला.
सगळे इथेच पिशव्या उतरवतात. हुश्श करतात.
टपाल खात्यातला नुकाया इथेच बसला होता,
थर्मासचं झाकण घरंगळलं,
तो दोन पावलं गेला त्याच्या मागे.
झाकण सापडलं, पाइनच्या मुळाशी.

हिसाए गुडघे टेकून उतार मोजते. अकरा अंश.
अकरा अंशांत धोका बसत नाही.
चार वेळा तिने इथे वर्तुळ काढलं,
चार वेळा परत आलं: जागा सोपी आहे.
मी विचारलं, अवघड संपलं असं वाटतं
त्याला चिन्ह कुठलं?

तिने डबा सोडला. एक गोळा मला दिला.
मग पेन्सिलीचं टोक जिभेला लावून
वर्तुळापुढची अखंड रेघ खोडली
आणि तुटक काढत नेली, चाळीस पावलं,
झुडपांच्या पार.

उतरताना, मान न वळवता, म्हणाली:
"झाकण गेलं तर जाऊ दे.
एवढं लिहायला कागदावर जागा नसते."

नवा नकाशा आला. भिंग लावून पाहिलं.
तुटक रेघ आहे. चाळीस नाही, तीसेक पावलं.

या सप्टेंबरात मी एकटाच गेलो.
सव्वा तासात खिंडीत पोचलो.
वहीत लिहिलं: एक तास चाळीस.