पासंग

कारखान्याने तुझ्या पोटात एक आकडा लिहून पाठवला,
एकशे सत्तेचाळीस.
पंचवीस अंशांवर, तीन व्होल्टवर
सेकंदाला ऐंशी लाख ठोके.
पंचवीस अंश!
इनारीत ते जुलैतल्या तीन-चार दुपारी येतात,
पाहुण्यासारखे, टेकतात न टेकतात तोच निघतात.

ओव्ला दारातच बूट आपटत म्हणाला,
हा पट्टा भ्रमिष्ट झालाय.
पट्टा त्याच्या म्होरक्या रेनडिअर मादीच्या गळ्यातला.
नोव्हेंबरपर्यंत ती कुठे चरते ते नीट कळवायचा,
आता नुसत्या खुणा, तुटक्या रेघा,
आणि कुठल्याच भाषेत नसलेलं एक अक्षर,
पुन्हा पुन्हा.

टेबलावर ठेवला. तार जोडली.
आणि तू शहाण्यासारखा बोलायला लागलास,
अक्षांश, रेखांश, बॅटरी, सगळं जागच्या जागी.
दवाखान्याच्या पायरीवर दाढ दुखायची थांबते, तसं.

स्फटिक बसवला असता तर हे झालं नसतं.
पण त्याला पैसे पडतात, आणि मादी
बर्चच्या बुंध्यावर मान घासते तेव्हा तोच आधी तडकतो.
म्हणून तुला तुझ्याच नाडीवर सोडून दिलेलं.
एक रेझिस्टर, एक कपॅसिटर,
भरायचं, रितं व्हायचं,
भरायचं, रितं व्हायचं.
थंडीत कोण नाही मंदावत?

मग दाराच्या फटीतून दोन तारा बाहेर काढल्या
आणि तुला सरपणाच्या खोपीत नेऊन ठेवलं.
उणे एकतीस.
काउंटर मात्र आत, चुलीपाशी,
मापणाऱ्याला हुडहुडी भरून चालत नाही.
तासभर काहीच केलं नाही. ओव्लाने कॉफी उकळली.
आकडा उतरत गेला
आणि सत्त्याहत्तर लाख बासष्ट हजारांवर येऊन बसला.

एकशे अठ्ठेचाळीस. एकोणपन्नास.
खुंटी पिळावी तसं, पण ही खुंटी
दात मोजत फिरते, दोन दातांमध्ये थांबत नाही.
एकशे बावन्नला वीस हजार कमी.
त्रेपन्नला चोवीस हजार जास्त.
मधलं काही नाहीच.

ओव्ला म्हणाला, माझा आजोबा अंतर सांगायचा
रेनडिअरच्या मुतण्यात.
धावता धावता तिला मुतता येत नाही,
एकदा थांबली की पुढे थांबेपर्यंत एक माप.
म्हणजे किती, मी विचारलं, सात किलोमीटर?
जनावर तरुण असेल तर, तो म्हणाला.
बर्फ घट्ट असेल तर.

मी त्रेपन्न लिहिलं.
बॅटरी उतरेल, डोंगरावर आणखी गारठा असेल,
तो या चोवीस हजारांतलं आपलं आपण काढून घेईल.
तराजू मुळात कलता असला
की हलक्या पारड्यात दुकानदार एक खडा ठेवतो ना,
तेवढंच केलंय मी. कलणं तुझं तुझ्यापाशीच आहे.

आत आणलं, पुसलं, ऊब लागू दिली,
आणि तू पुन्हा बरळायला लागलास.
ब्याऐंशी लाख सत्तर हजार. तेच ते अक्षर.
बिघडवलंस, ओव्ला कप ठेवत म्हणाला.
नाही, म्हटलं. तो आता या खोलीचा राहिला नाही.
बराच वेळ तो माझ्याकडे बघत राहिला,
मग पट्टा टोपीत गुंडाळून कोटाच्या आत सारायला लागला.
तिथे नको, स्लेजला बाहेर टांग.

त्याच्या गाडीचा आवाज तळ्यापलीकडे गेल्यावर
तारा गुंडाळल्या, काउंटर उचलला.
मागे एक स्टिकर आहे, औलूच्या प्रयोगशाळेचं,
पुढच्या तपासणीची तारीख
दोन वर्षांपूर्वी उलटून गेलेली.

होता तिथेच ठेवला परत.
चुलीत एक लाकूड सारलं.