नऊ धुना, शब्द नाहीत

जालन्यात, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानामागं
इद्रीसनं अँप्लिफायरात बसवली
भाचीच्या पाळण्याची स्प्रिंग.
आता तार छेडली की
आवाज ओला होऊन येतो.

समुद्र आमच्यात फक्त सुधन्वानं पाहिलाय,
तोही रात्री, एसटीच्या काचेतून.
म्हणून लाटा अंदाजानंच वाजवल्या,
जरा जास्तच उंच.

पाचवीत यान उतरतं
नाथसागराच्या उघड्या पडलेल्या तळात.
त्याची घरघर म्हणजे
जुन्या रेडिओवरची
दोन स्टेशनांमधली जागा.
आतली मंडळी उतरतात, चिखलाच्या भेगा मोजतात,
एकमेकांना काहीतरी बीप-बीप सांगतात.
गिटार मधेच बोलत नाही.

गाणार कोण, लोक विचारतात.
कुणीच नाही.

नववीच्या शेवटी, नीट ऐकलं तर,
शेजारच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा आहे.
काढायचा राहिला.
इद्रीस म्हणतो, ओहोटी समजा.